पॅटागोनियन टूथफिश जळगावात : माल चोख, माहिती अर्धवट

जळगावात गोठवलेल्या मासळीची दुकाने आता नवलाईची राहिलेली नाहीत. सुरमई, पापलेट, कोळंबी आणि व्हिएतनामहून येणारा बासा यांची पाकिटे इथल्या गिऱ्हाइकाच्या चांगल्या ओळखीची झाली आहेत, आणि हतनूर, गिरणा, वाघूर या धरणांतील राहू-कटला तर बाजारात उघड्या पाटीवर मिळतोच. अशा शहरात एका दुकानदाराने मुंबईच्या आयातदाराकडून आगाऊ मागणीवर ‘चिलियन सी बास’, म्हणजेच पॅटागोनियन टूथफिश, आणून देण्यास सुरुवात केली आहे. मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूबाहेर हा मासा आपल्याकडे फारसा दिसत नाही. उमेदीची वर्षे प्राणिशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे मला त्याच्या चवीइतकेच त्याच्या शरीराचेही कुतूहल होते, आणि म्हणून हे परीक्षण दोन्ही अंगांनी लिहिले आहे. दुकानाचे नाव देत नाही. पुढे ज्या उणिवा मांडल्या आहेत त्या मालकाला समक्ष सांगून झाल्या आहेत.

आधी जे चांगले आहे ते. साधारण दोनशे ग्रॅमचा एकेक तुकडा हवा काढून बंद केलेल्या पाकिटात येतो. मला मिळालेली पाकिटे पूर्ण टणक होती, आत बर्फाचे सुटे खडे साचलेले नव्हते, आणि तुकड्याच्या कडा पांढुरक्या, कोरड्या पडलेल्या नव्हत्या. मासळी वाटेत कुठे तरी सुटून पुन्हा गोठली असेल तर आतले पाणी बाहेर येऊन पाकिटात बर्फाचा थर धरतो, आणि असा तुकडा तव्यावर टाकताच पाणी सोडतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या गावात मुंबईहून आलेला माल उणे अठरा अंशांवर टिकवून ठेवणे ही लहान गोष्ट नाही. या दुकानाच्या फ्रीझरवर तापमान दाखवणारा काटा आहे, तो गिऱ्हाइकाच्या बाजूला आहे, आणि वीज गेली तर चालू होणारे जनरेटर मागच्या बाजूला बसवलेले आहे. मासळीच्या दुकानात मी सर्वात आधी हेच पाहतो, भाव नंतर विचारतो.

तक्रार आहे ती फ्रीझरच्या काचेवर चिकटवलेल्या छापील कागदाबद्दल. ‘चिलीच्या समुद्रातील अस्सल बास, रक्तात नैसर्गिक अँटिफ्रीझ, पचायला हलका, एकदम ताजा’ असा त्याचा मजकूर आहे. एवढ्या महागड्या वस्तूची ओळख करून देणाऱ्या या एका ओळीतील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा दिशाभूल करणारे आहे. मालकाला हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “सर, गिऱ्हाईक एवढं वाचतंच कुठं? त्याला भाव सांगितला की बस.” मला हे पटत नाही. एका तुकड्यामागे हजार रुपयांच्या पुढे पैसे मोजणारे गिऱ्हाईक वाचते, आणि न वाचले तरी आपण लिहिलेले खरे असण्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

हा मासा बास कुळातला नव्हेच. त्याचे शास्त्रीय नाव डिसोस्टिकस एलिजिनॉइडिस, कुळ नोटोथेनिइडी, आणि शास्त्रीय ग्रंथांतील रूढ नाव पॅटागोनियन टूथफिश. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या थंड पाण्यात ज्या माशांचा विस्तार झाला त्यांपैकी हे एक प्रमुख कुळ आहे. मोठे रुंद डोके, पुढे आलेला खालचा जबडा, तोंडात टोकदार दात आणि अंगाचा करडा-काळपट रंग असे त्याचे रूप असल्यामुळे अमेरिकी बाजारात तो या नावाने खपणे अवघड होते. ली लँट्झ नावाच्या अमेरिकी व्यापाऱ्याने १९७७ साली त्याला ‘चिलियन सी बास’ हे बाजारी नाव दिले आणि १९९४ साली तिथल्या अन्न प्रशासनाने ते मान्य केले. म्हणजे नाव कायदेशीर आहे, दुकानदाराने ते लावण्यात काही गैर नाही. ‘अस्सल बास’ हे मात्र त्याच्या पदरचे.

चिलीचा उल्लेखही असाच. चिली आणि अर्जेंटिना यांच्या दक्षिणेकडील समुद्रात हा मासा आहेच, पण फॉकलंड, साउथ जॉर्जिया, क्रोझे, केर्गेलेन, हर्ड आणि मॅक्वारी या बेटांभोवतीच्या उतारांवरही तो सापडतो. माझ्या पाकिटावर बारीक अक्षरांत ‘एफएओ क्षेत्र ५८’ असे छापलेले होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेने समुद्राचे जे क्रमांकित विभाग केले आहेत त्यांत ५८ म्हणजे हिंदी महासागराचा दक्षिण ध्रुवाकडील भाग. केर्गेलेन, क्रोझे आणि हर्ड ही बेटे त्याच विभागात येतात. तेव्हा जळगावात विकला जाणारा हा तुकडा चिलीहून आलेला नसून, ज्या महासागराला आपल्या देशाचे नाव आहे त्याच्याच दक्षिण टोकाकडून आलेला होता. ही माहिती पाकिटावर आहे, मालकाच्या हाताखाली आहे, आणि तरीही कागदावर नाही.

अँटिफ्रीझचे, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचे, विधान सर्वात मजेदार आहे, कारण ते खरे आहे, पण दुसऱ्या माशाबद्दल. समुद्राचे पाणी साधारण उणे १.९ अंश सेल्सियसला गोठते, आणि सामान्य हाडाच्या माशाचे रक्त त्याहून बऱ्याच आधी, उणे एक अंशही होण्यापूर्वी गोठू लागते. दक्षिण ध्रुवाला अगदी लागून असलेल्या, बर्फाने झाकलेल्या पाण्यात जे मासे राहतात त्यांच्या रक्तात काही ग्लायकोप्रथिने असतात. ती बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतात. आर्थर डेव्रीस या अमेरिकी संशोधकाने १९६०च्या दशकात अंटार्क्टिकावरील मॅकमर्डो इथल्या माशांत ही प्रथिने शोधून काढली. टूथफिशच्या दोन जाती आहेत. त्यांतील अंटार्क्टिक टूथफिश, म्हणजे डिसोस्टिकस मॉसोनी, याच्या रक्तात ही प्रथिने असतात, कारण तो गोठणबिंदूला टेकलेल्या पाण्यात राहतो. पॅटागोनियन टूथफिशच्या रक्तात ती नसतात. तो अंटार्क्टिक टूथफिशच्या उत्तरेला, साधारणतः एक ते चार अंशांच्या पाण्यात राहतो. तिथे पाणी थंड असले तरी रक्त गोठण्याइतके थंड नसते, आणि जे लागत नाही ते शरीर उगाच तयार करत बसत नाही. दोन्ही जाती बाजारात एकाच नावाने विकल्या जातात, त्यामुळे कुठल्या तरी माहितीपत्रकातून एकाचा गुण दुसऱ्याला चिकटला असावा. पाकिटावर एलिजिनॉइडिस असे स्पष्ट छापलेले असताना त्यावर अँटिफ्रीझची जाहिरात करणे योग्य नाही.

आता त्याच्या राहणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ताटातल्या तुकड्याचा पोत तिथूनच ठरतो. हा मासा लहान असताना बेटांभोवतीच्या उथळ भागात, काहीशे मीटर खोलीपर्यंत असतो आणि वय वाढेल तसा उतारावरून खाली खाली जातो. मोठे मासे हजार-दीड हजार मीटरवर, कधी त्याहूनही बरेच खाली सापडतात. हजार मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारे शंभर पट असतो आणि सूर्यप्रकाश जवळजवळ पोहोचतच नाही. तिथे तो छोटे मासे, माकूल आणि कोळंबीवर्गीय प्राणी खातो. मेलेले मिळाले तर तेही सोडत नाही. त्याला खाणाऱ्यांत स्पर्म व्हेल आणि एलिफंट सील यांच्यासारखे खोल बुडी मारणारे प्राणी आहेत. वाढ मंद असते. विणीला येण्यास साधारण सहा ते दहा वर्षे लागतात, आयुष्य पन्नास वर्षांपर्यंत जाऊ शकते, लांबी दोन मीटरच्या पुढे आणि वजन शंभर किलोपर्यंत भरल्याच्या नोंदी आहेत. वय कळते ते कानातील खड्याच्या, म्हणजे ओटोलिथच्या, छेदावरील वर्तुळांवरून. अंडी चार मिलिमीटरहून मोठी असतात आणि तळाशी न राहता पाण्यात तरंगत वाहतात.

थंड पाणी हेच त्याचे घर, पण ते घर नकाशावर दिसते तेवढेच नाही. सुमारे सत्तर किलो वजनाचा एक पॅटागोनियन टूथफिश चक्क ग्रीनलंडजवळ सापडल्याची नोंद २००३ साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दक्षिण गोलार्धातील हा मासा विषुववृत्त ओलांडून उत्तरेला कसा गेला, याचे मांडलेले उत्तर असे की तो खोलातून गेला. विषुववृत्तावर वरचे पाणी कितीही कोमट असले तरी हजार-दीड हजार मीटर खाली तेही चार अंशांच्या आसपास असते, आणि ज्याला खोली सोसते त्याला ही वाट मोकळी आहे. वर्गात हे उदाहरण मी फार आवडीने सांगत असे. मुलांना समुद्राचे तापमान अक्षांशाइतकेच खोलीवर अवलंबून असते हे त्याहून सोप्या रीतीने कळत नाही.

या सगळ्याचा ताटाशी संबंध असा. बहुतेक हाडाच्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या आधाराने ते पाण्यात कमी कष्टात तरंगून राहतात. नोटोथेनिइडी कुळातील माशांना ही पिशवी नसते, कारण त्यांचे पूर्वज तळाशी राहणारे होते. टूथफिशने मात्र तळ सोडून वरच्या पाण्यातही शिकार करायला सुरुवात केली, आणि पिशवीची उणीव दोन मार्गांनी भरून काढली : हाडांत खनिजांचे प्रमाण कमी झाले, आणि कातडीखाली व थेट स्नायूंत चरबी साठू लागली. पाण्याहून हलकी असलेली ही चरबी त्याला उचलून धरते. आपण ज्या मऊ, पांढऱ्या, रसदार मांसाचे पैसे देतो ते म्हणजे या माशाची तरंगण्याची सोय आहे.

तव्यावर हे स्पष्ट दिसते. तुकडा पुसून, मीठ लावून, कातडीची बाजू खाली करून लोखंडी तव्यावर ठेवला; तेलाचे केवळ बोट फिरवले होते. काही मिनिटांतच तुकड्याभोवती त्याची स्वतःची चरबी पाझरून तव्यावर पसरली आणि पुढचे सगळे भाजणे त्याच चरबीत झाले. शिजल्यावर मांसाच्या जाड, पांढऱ्या पाकळ्या चमच्याच्या नुसत्या दाबाने सुट्या झाल्या, पाकळ्यांच्या मध्ये चरबीची चकाकी होती, आणि राहू-कटल्याच्या मांसात अडकलेले ते वैतागवाणे दुटोकी काटे इथे औषधालाही नव्हते. सासूबाई धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, “हाऊ मासा से का लोनी?” आच जरा जास्त लागली तरी तुकडा कोरडा पडत नाही, हा चरबीचा दुसरा फायदा. महाग वस्तू पहिल्यांदा शिजवणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

खान्देशी काळ्या मसाल्याच्या रश्शात मात्र तो वाया जातो. आमच्याकडे तोही प्रयोग झाला. मसाल्याच्या जोरापुढे माशाची सौम्य, किंचित गोडसर चव उरली नाही, तुकडे ढवळताना मोडले, आणि तर्रीवर माशाची चरबी चढून रस्सा जड झाला. झणझणीत रस्सा करायचा असेल तर मरळ घ्यावी, ती त्या मसाल्याला पुरून उरते आणि खर्चही कितीतरी कमी येतो. टूथफिशला मीठ, लिंबू, हवा तर थोडा ठेचलेला लसूण, एवढे पुरेसे आहे. ‘पचायला हलका’ हे कागदावरचे विधान इथे तपासून पाहावे. भरपूर चरबी असलेला मासा हलका म्हणता येत नाही, आणि एका माणसाला शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या वर तो जातही नाही. ही चरबी पचणारी आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. ऑइलफिश नावाचा दुसरा एक खोल पाण्यातील मासा असाच पांढरा आणि तुकतुकीत असतो, पण त्याच्या अंगात मेणासारखी न पचणारी द्रव्ये असतात आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. जगाच्या बाजारात तो कधी कधी भलत्या नावाने विकला जातो, म्हणून शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय अशी मासळी कुणी घेऊ नये.

राहता राहिले ‘ताजा’. हा मासा हजारो किलोमीटर दूर, लांब दोरीला हजारो गळ लावून, खोलातून ओढून काढला जातो. जहाजावरच त्याचे डोके, शेपूट आणि आतडी काढून त्याला गोठवतात, आणि जहाज बंदराला लागायला पुढे कित्येक आठवडे जातात. जळगावात, किंवा खुद्द मुंबईतही, तो ताजा मिळण्याची शक्यता धरू नये. यात कमीपणा काही नाही, कारण पकडल्यानंतर लगेच जहाजावर गोठवलेली मासळी ही चार दिवस बर्फात फिरलेल्या ‘ताज्या’ मासळीपेक्षा बहुतेक वेळा सरस असते. दुकानाने ‘समुद्रातच गोठवलेला’ असे लिहिले असते तर ते खरेही ठरले असते आणि मालाची प्रतिष्ठाही वाढली असती.

आणखी एक गोष्ट कागदावर असायला हवी होती. उशिरा विणीला येणारा आणि दीर्घायुषी मासा उपसून काढला की त्याची भर लवकर होत नाही, आणि १९९०च्या दशकात टूथफिशची बेकायदा मासेमारी इतकी वाढली की साठे कोसळण्याची भीती निर्माण झाली. गळांवरच्या आमिषासाठी झेपावणारे अल्बाट्रॉस पक्षी दोरीबरोबर बुडून मरत, तो हिशेब वेगळाच. २००२ साली अमेरिकेतील अनेक शेफनी हा मासा मेन्यूवरून काढण्याची मोहीम चालवली. २००३ साली ऑस्ट्रेलियाच्या गस्ती जहाजाने बेकायदा मासेमारीच्या संशयावरून ‘व्हिआर्सा’ या जहाजाचा हर्ड बेटाजवळून दक्षिण अटलांटिकपर्यंत २१ दिवस पाठलाग केला. जहाज पकडले गेले, खटला चालला, आणि २००५ साली पर्थच्या न्यायालयात आरोपी सुटले. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या सजीव संपत्तीचे नियमन करणारा आयोग १९८२ साली अमलात आलेल्या करारानुसार काम करतो, त्याचे कार्यालय ऑस्ट्रेलियातील होबार्ट इथे आहे आणि भारतही त्याचा सदस्य आहे. या आयोगाने २००० सालापासून टूथफिशच्या प्रत्येक पकडीला कागदपत्रांची साखळी सक्तीची केली : कोणत्या जहाजाने, कुठे, किती पकडला आणि तो कुठे उतरवला, हे मालासोबत फिरते. पक्ष्यांसाठी दोऱ्या रात्री टाकणे, त्यांना वजन बांधणे, जहाजामागे फडफडणाऱ्या पट्ट्या सोडणे असे नियम झाले आणि जिथे ते नीट पाळले गेले तिथे मृत्यू फार कमी झाले.

साठा किती आहे हे मोजण्यातही या माशाची शरीररचना उपयोगी पडते. पकडलेल्यांपैकी काही मासे खुणेचा बिल्ला लावून पुन्हा सोडतात, आणि पुढच्या वर्षांत त्यांपैकी किती परत मिळाले यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. खोलातून झटक्यात वर आणलेल्या इतर अनेक माशांची हवेची पिशवी फुगून ते मरतात. टूथफिशला ती नसल्यामुळे तो सोडल्यावर पुन्हा खाली जाऊन जगू शकतो. मालकाला हे ऐकून खरोखर आश्चर्य वाटले, आणि आयातदाराकडून पकडीची कागदपत्रे मागवून फाइलला लावण्याचे त्याने मान्य केले. कागदपत्रे दुकानात दिसू लागेपर्यंत हा मासा डोळे झाकून घ्या असे मी कुणाला सांगणार नाही. पाकिटावर शास्त्रीय नाव आणि क्षेत्र दोन्ही असेल तर घ्यावा, एखादे जरी नसेल तर परत करावे.

भावाविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. तेवढ्या पैशांत घरातल्या सगळ्यांना पुरेल इतकी मरळ येते आणि कोपऱ्यावरच्या काकांनी मला तसे दोनदा ऐकवले आहे. पण हा रोजच्या जेवणाचा मासा नाही, आणि नसावाही. तो बराच काळ जगणारा शिकारी असल्यामुळे त्याच्या मांसात पारा साठत जातो. अमेरिकी अन्न प्रशासनाच्या सल्ल्यानुसार गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तो आठवड्यातून एका वाढणीपेक्षा जास्त खाऊ नये, आणि त्या आठवड्यात दुसरी मासळीही घेऊ नये. दुकानात हे कुठेही लिहिलेले नाही.

मागणी देताना निम्मी रक्कम आधी भरावी लागते आणि माल येण्यास आठवडाभर लागू शकतो. शेपटीकडचा पातळ तुकडा नको, मधला जाड हवा, असे स्पष्ट सांगावे; मालक तसा निवडून देतो आणि वजन गिऱ्हाइकासमोर करतो. घरी नेण्यासाठी थर्माकोलचा डबा दुकानातूनच मिळतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. पाकीट आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटायला ठेवावे, आणि ठेवण्यापूर्वी त्याला कापून हवा लागू द्यावी. हवाबंद पाकिटात मासळी सुटू देणे धोक्याचे असते, कारण हवेशिवाय वाढणारे काही जिवाणू थंडीतही तग धरतात. पाण्याखाली किंवा ओट्यावर उन्हाळ्यात सोडवू नये. एकदा सुटलेला तुकडा परत फ्रीझरमध्ये टाकू नये. त्याच दिवशी शिजवावा, उरला तर शिजलेलाच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावा.